आठ पाऊण सहा

जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि पाच-सात वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे बाजारात सहा-सात किलोचा जो धिप्पाड जिताडा पाटीवर आडवा पडलेला असतो आणि ज्याच्याकडे बघून माणसं ‘काय गडी आहे!’ म्हणतात, ती बहुतेक वेळा बाई असते. हे ज्ञान मी लग्नानंतरच्या पहिल्याच गटारीला सासुरवाडीत, पेणजवळच्या खारेपाटात, भरल्या पंगतीत वाटलं. सासऱ्यांचा घास हातात राहिला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मेहुण्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या ताटातल्या तुकडीकडे बघितलं आणि विचारलं, “दाजी, तुम्ही कधी पकडलाय?”

पकडला नव्हता. मी लालबागचा. आमच्याकडे मासा पकडायचा म्हणजे बाजारात कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघायचं, अंगठ्याने पोट दाबायचं, ‘ताजा आहे का गं मावशी?’ असं विचारून मावशीकडून चार शब्द ऐकून घ्यायचे आणि तिने सांगितलेल्या भावाच्या आसपासच पैसे मोजून निघायचं. यातही मी तरबेज आहे असं नाही. बायको बरोबर असली की मावशी भाव माझ्याकडे बघून सांगते आणि पैसे तिच्याकडून घेते.

मेहुण्याचं तसं नाही. त्याच्या घरामागे तळं आहे. खारेपाटात अशी तळी जागोजाग. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं धरून आणायची आणि तळ्यात सोडायची. मग ती बारके मासे, कोळंबी आणि प्रसंगी एकमेकांना खाऊन दोन-तीन वर्षांत ताटात मावणार नाहीत एवढी होतात. खास पाहुणा आला की जाळं लागतं. या घरात बसून जिताड्यावर व्याख्यान देणं हा शुद्ध आगाऊपणा होता, असं त्याच रात्री बायकोने मला सांगितलं. तिचं म्हणणं पटलं. पण मेहुण्याचा प्रश्न घशात काट्यासारखा अडकला तो अडकलाच.

शेवटी बऱ्याच वर्षांनी गरवायला शिकायचं ठरलं. लालबागमध्ये गुरू मिळणं अवघड नव्हतं. आमच्या मजल्यावरच वेंगुर्ल्याची, देवगडची, मालवणची मंडळी आहेत. त्यांतल्या निम्म्यांचं बालपण खाडीत गरी टाकण्यात गेलंय. पण घरच्या माणसाकडून फुकट शिकलेल्या विद्येला मान नसतो, अशी माझी समजूत. मी मोबाइल उघडला. जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. टाइप करताना पहिले दोन शब्द आळसाने गाळले आणि थेट अमेरिकेत जाऊन पोचलो. तिथला बास गोड्या पाण्यातला, कूळ वेगळं, सवयी वेगळ्या. जिताड्याशी त्याची सोयरीक कुठल्याही भटजीने जुळवली नसती. पण हे लक्षात येईपर्यंत मी ड्रॉप शॉटच्या प्रेमात पडलो होतो.

सांगतो, कारण तंत्र खरंच देखणं आहे. एरवी गळाला शिसं बांधतात आणि गळ शिशाबरोबर तळाला जाऊन चिखलात लोळतो. ड्रॉप शॉटमध्ये शिसं दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, आणि गळ त्याच्या फूटभर वर, दोरीतच अडकवलेला. शिसं तळाला बसतं आणि आमिष पाण्यात अधांतरी तरंगतं, बरोबर माशाच्या नाकासमोर. मग रॉडचं टोक हळूच थरथरवायचं. दोरी किंचित सैल हवी. शिसं जागचं हलता कामा नये. हलायचं ते फक्त आमिषाने. मग थांबायचं. पुन्हा थरथरवायचं. मासा भुकेला नसला तरी चिडून किंवा कंटाळून तोंड उघडतो म्हणे.

ही शक्कल नावारूपाला आली जपानात. तिथे बास मुळात नव्हताच. १९२५ साली अकाबोशी तेत्सुमा नावाच्या उद्योगपतीने तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला, त्याच्यामागे गरवणारे पसरले, आणि स्वच्छ पाण्यातले मासे गळ बघून बघून इतके शहाणे झाले की मोठ्या, भडक आमिषांना विचारेनात. मग बारीक दोरी, इवलासा गळ आणि ही थरथर. आता तिथे बासला उपद्रवी परका जीव ठरवलंय आणि बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे. त्याच बिवात २००९ साली मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास काढून १९३२ पासून चालत आलेल्या जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीच्या विक्रमाशी बरोबरी केली. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. कुरितांनी तो बास जिवंत ब्लूगिल मासा लावून काढला होता, ड्रॉप शॉटने नव्हे, ही माहिती सामान विकत घेऊन झाल्यावर वाचनात आली.

सामान क्रॉफर्ड मार्केटकडच्या एका दुकानातून घेतलं. दुकानदाराने विचारलं, “कुठे गरवणार?” मी म्हणालो, “बघू, आधी तंत्र पक्कं करायचंय.” असं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावं. त्याने खुर्ची दिली. दोन तुकड्यांचा नाजूक रॉड, रीळ, फ्लोरोकार्बनची केसाएवढी दोरी (आमच्याकडे सगळ्याच नायलॉन दोऱ्यांना तंगूस म्हणतात, पण तंगूस म्हटलं की किंमत निम्मी व्हायला हवी, म्हणून तो म्हणाला नाही), काचेच्या मण्याएवढे गळ, आणि रबरी किडे. किडे दोन प्रकारचे. हिरवे, लसणीच्या वासाचे. आणि जांभळे, चमकी लावलेले. लसणीचा वास माशाला का आवडावा, हे मी विचारलं नाही. मला आवडतो, तेवढं पुरे होतं.

ते किडे मी मुलाच्या जुन्या कंपासपेटीत ठेवले. हे रबर काही जातींच्या कडक प्लास्टिकशी जमवून घेत नाही, दोन्ही विरघळून एकजीव होतात, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. पण पाकीट मी फेकलं होतं. आठवड्याभरात पेटीच्या पारदर्शक झाकणाचा चिकट लगदा झाला आणि त्यात कोनमापक कायमचा रुतला. मुलगा म्हणाला, “बाबा, भूमितीच्या बाईंना काय सांगू?” मी म्हणालो, “किड्यांनी खाल्ला म्हण.” त्याने तसंच सांगितलं. पुढचा पत्रव्यवहार इथे देत नाही. उरलेले किडे मी दुकानातून तसलीच पाकिटं मागून आणून त्यात भरले आणि फ्रिजमध्ये मांदेलीच्या डब्यामागे ठेवले. तिथून ते आईच्या हाती लागले. तिला वाटलं, नातवाने जेलीची मिठाई लपवली आहे. एक हिरवा तिने चावून बघितला. “लसूण जास्त झालीय,” एवढंच बोलली.

गाठ बांधणं हे वेगळंच प्रकरण. गाठीचं नाव पालोमर. दोरी दुमडून गळाच्या डोळ्यातून घालायची, साधी सैल गाठ मारायची, खाली राहिलेल्या फासातून अख्खा गळ ओवून काढायचा, थुंकी लावायची आणि सावकाश आवळायची. थुंकी महत्त्वाची, कोरडी दोरी घासून तापते आणि कमजोर होते. मग उरलेलं लांब टोक वरून पुन्हा गळाच्या डोळ्यातून खाली घ्यायचं. ते घेतलं की गळ दोरीला काटकोनात, टोक आकाशाकडे करून ताठ उभा राहतो. जमलं की काय सुरेख दिसतं! आणि नाही जमलं की गळ दोरीला चिकटून खाली मान घालतो, दहावीचा निकाल लागलेल्या दिवशी मी घातली होती तशीच. काही दिवस रात्री जेवणानंतर मी गॅलरीतल्या दिव्याखाली बसून गाठी मारत असे. येणारेजाणारे थांबून बघत. एका शेजाऱ्याने अतिशय काळजीने बायकोला विचारलं, की यांची नोकरी ठीक आहे ना.

व्हिडिओतला अमेरिकन म्हणाला, थरथरीचा सराव घरच्या बाथटबमध्ये करा. आमच्या मोरीत पिंप आहे. स्टुलावर उभं राहून पिंपात शिसं सोडलं आणि मुलाला वरून बघायला बसवलं. “बाबा, शिसं हललं.” “आता?” “आता पण हललं.” “आता?” “आता किडा हलला नाही, शिसं हललं.” तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि बायकोने मला, रॉडला आणि स्टुलाला एकाच वाक्यात मोरीबाहेर काढलं.

पवईचं नाव तिनेच सुचवलं. तिथे गरवणाऱ्यांची जुनी संघटना आहे, रोहू-कटला मिळतात, पाणी शांत. मी म्हणालो, तिथे मगरी आहेत. ती म्हणाली, “म्हणूनच.” पण मला जिताडाच हवा होता आणि जिताडा खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या पाण्याबरोबर फिरणारा. लालबागहून जवळची खाडी म्हणजे शिवडी. व्हिडिओत सगळे एकमुखाने सांगत होते, की उत्तम वेळ पहाटेची. माघातली एक रविवारची पहाट मी धरली. टॅक्सीत रॉड खिडकीतून बाहेर काढून, रस्त्यावरच्या सायकलवाल्यांची माफी मागत, उजाडता उजाडता शिवडी बंदरावर पोचलो. अटल सेतू समोर पसरला होता, पार न्हाव्याकडे नजर जाईपर्यंत. आकाश गुलाबी. सगळं जमून आलं होतं.

फक्त समुद्र नव्हता.

चिखल होता. राखाडी, चकचकीत, श्वास घेणारा चिखल, नजर पोचेल तिथवर. त्यात निवट्या उड्या मारत होत्या. पार लांब, चिखलाच्या पलीकडच्या कडेला, फ्लेमिंगोंची एक गुलाबी रेघ. माझ्या शिशाची जास्तीत जास्त फेक पंचवीस मीटर. बंदरावर मोठमोठ्या लेन्सवाले पक्षीमित्र तिवया लावून निवांत चहा पीत बसले होते. पाणी चढू लागलं की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून ते वाट बघत होते. म्हणजे पक्ष्यांचा फोटो काढणाऱ्यांनाही भरतीचं वेळापत्रक माहीत होतं. मासे पकडायला आलेला एकटा मी असा, की ज्याला ते माहीत नव्हतं. तरीही मी रॉड जोडला. एवढ्या लोकांसमोर तो परत पिशवीत घालणं बरं दिसलं नसतं. शिसं फेकलं. ते ‘पच्’ करून चिखलात गेलं. मी रॉडचं टोक थरथरवलं.

“झिला,” मागून आवाज आला, “गरवूक इलंस की शेत नांगरूक?”

कठड्यावर एक म्हातारे काका बसले होते. डोक्याला माकडटोपी, पायाशी पत्र्याचा डबा. परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच, आणि तेव्हापासून गरी हाच धंदा आणि हाच विरंगुळा, असं पुढे कळलं. त्या वेळी मला कळलं ते एवढंच, की यांनी मघापासूनची सगळी थरथर पाहिली आहे.

“आज पुनव,” काका म्हणाले. “बारा वाजता भरती. आता पुरी सुकती. कालनिर्णय बघलंस नाय?”

कालनिर्णय घरात भिंतीवर होता. आमच्याकडे १९७३ मध्ये ते निघालं तेव्हापासून त्या खिळ्यावर दुसरं काही टांगलेलं नाही. पण मी त्यात दुधाचे हिशोब लिहितो. काकांनी मग मला पाऊणकी म्हणून दाखवली. मी शाळेत गेलो तोवर पावकी-निमकी-पाऊणकी अभ्यासक्रमातून गेली होती. आजोबांच्या तोंडून ऐकल्याचं पुसट आठवत होतं. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. पुनव किंवा अवसेला बाराच्या सुमारास, दुज असेल तर दीडला, चतुर्थीला तीनला. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागे मागे, म्हणून हा पाढा चालतो. मुंबईत पुनवेचं पाणी बाराच्या आसपास भरतं, म्हणून इथे तर चोख चालतो. अपोलो बंदरावर १८७८ पासून यंत्राने पाणी मोजतायत. मी घरी येऊन वेळा ताडून बघितल्या. काका अर्ध्यापाऊण तासापलीकडे कधी चुकले नव्हते, आणि त्यांना चार्जिंग लागत नव्हतं.

“आणि आठ पाऊण सहा,” काका म्हणाले. “अष्टमीक ये. सकाळी सहाक पाणी काठोकाठ.”

मला पहाटच हवी होती, तीही भरतीची. ती अष्टमीलाच मिळणार. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी. पुनव-अवसेच्या उधाणात पाणी साडेचार-पावणेपाच मीटरपर्यंत चढतं आणि अशा ओढीने धावतं, की माझं गोटीएवढं शिसं न्हाव्याला न विचारता जाऊन आलं असतं. भांगाला ओढ मंद. म्हणजे शिसं जागेवर राहणार, फक्त किडा हलणार. मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. काका म्हणाले, भांगाला मासापण मंद असतो, तोंड उघडत नाही. मी म्हणालो, हे तंत्र मुळात आळशी माशांसाठीच काढलंय. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या गरीचं टोक उचलून दाखवलं. अगदी शेवटाला मोटारीचा जुना स्पार्क प्लग. त्याच्या वर वितीवर एक गळ, आणखी वितीवर दुसरा. प्लग मुख्य दोरीला नव्हे, तर वाण्याच्या पुडीच्या कच्च्या दोऱ्याने बांधलेला, म्हणजे दगडात अडकला तर दोरा तुटून प्लग जाईल, गळ आणि मासा हातात राहतील. जपानी शिशाला याच कामासाठी वर पितळी चिमटा असतो, दोरी त्यातून सटकते. त्या चिमट्याचे दुकानदाराने वेगळे पैसे घेतले होते.

“आमी जल्मभर ह्याच बांधतंव,” काका म्हणाले. “ह्याका काय नाव असता, ता माका म्हायत नव्हता.”

अष्टमीला गेलो. पाणी होतं! काठोकाठ, शांत, दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचं. इथे माझ्या तंत्राला पहिला धक्का बसला. ड्रॉप शॉटची सगळी मदार माशाने आमिष बघण्यावर. आणि या पाण्यात मला माझाच हात मनगटापुढे दिसत नव्हता. जिताडा गढूळ पाण्यात शिकार करतो हे खरं, पण तो अंगावरच्या रेषेने पाण्यातली हालचाल टिपतो, धप्पकन तोंड उघडतो आणि पाण्यासकट सावज आत ओढतो. माझी ती नाजूक जपानी थरथर त्याला जाणवायला त्याने स्टेथोस्कोप लावायला हवा होता. मी थरथरवत राहिलो. काका बाजूला करंदी लावून ढोमी काढत होते, एकामागून एक, विडी न विझवता.

मग ओढ लागली. लहानसहान नव्हे, रॉड कमानीसारखा वाकला, रीळ किरकिरू लागलं. “लागला!” मी ओरडलो. त्याच क्षणी बाजूने आवाज आला, “लागलो! मोठो आसा!” काकाही उभे राहिले होते. दोघांना एकाच वेळी! मी व्हिडिओत शिकवल्याप्रमाणे रॉड उंच धरला, थोडं सोडायचो, थोडं ओढायचो. काका हाताने दोरी खेचत होते, कोपराभोवती गुंडाळत होते. लोक जमले. पक्षीमित्रांनी तिवया आमच्याकडे वळवल्या. कोणी म्हणालं घोळ असेल, कोणी म्हणालं पाकट आहे, तळाला चिकटलाय, सोडा नाहीतर दोरी जाईल. मी ढील दिली की काकांचा मासा पुढे येई. काकांनी ढील दिली की माझा. हे एका चहावाल्या पोराच्या लक्षात आलं. त्याने खाली वाकून पाण्यात बघितलं आणि दोघांच्या मधोमध बोट दाखवलं. स्पार्क प्लग माझ्या पालोमरमध्ये ओवला गेला होता. गाठ मात्र अप्रतिम होती. ती शेवटी विडीनेच जाळावी लागली.

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला मूठभर करंदी दिली आणि म्हणाले, तुझा किडा काढ, ही लाव. तत्त्व म्हणून मी अर्धा तास काढली नाही. मग कोणी बघत नाही असं पाहून लावली. दोन मिनिटांत शिंगाळा लागला. वीतभर, मिशाळ, राखाडी, आणि हातात आल्यावर कुरकुरणारा. माझा आयुष्यातला पहिला मासा! काका ओरडले, “हात लावू नको!” पण मी तोवर त्याला प्रेमाने पाठीवरून धरलं होतं.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक, असे तीन काटे असतात, करवतीचे दात असलेले, आणि त्यांच्या सालीत विष असतं. माणूस मरत नाही. मला त्या वेळी तसं वाटलं नाही. अंगठ्यापासून खांद्यापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढत गेलं. काकांनी शांतपणे चहावाल्या पोराला हाक मारली आणि कटिंगच्या ग्लासात नुसतं कढत पाणी मागवलं. माझा अंगठा त्यात बुडवला. हा उपाय अडाणी नाही. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने मोडतं, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बोट ठेवायला पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. पाणी निवलं की पोरगा नवं आणायचा आणि दर ग्लासाला चहाचेच पैसे लावायचा. अंगठा ग्लासात, रॉड काखेत, डोळ्यांत पाणी, पायाशी कुरकुरणारा शिंगाळा. पक्षीमित्रांपैकी एकाने सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने हा प्रसंग टिपला. तो फोटो उत्तम आहे. माझ्या पापण्यांवरचा एकेक थेंब मोजता येतो. मागे फ्लेमिंगो जरा धूसर आलेत.

नंतर एकदा, पुढच्याच एका अष्टमीला, खरोखर काहीतरी घडलं. हिरवा किडा, मंद पाणी, शिसं जागेवर. थरथर, थांबणं, थरथर. आणि तळातून ‘ढुब्’ असा धक्का आला, रॉड वाकला, दोरी सर्रकन तिरकी गेली आणि पुढच्या श्वासाला मोकळी झाली. टोक हातात आलं ते सुरीने कापल्यागत साफ. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात. जाड धागा नसेल तर तो डोकं झटकून दोरी कापतो, हे मला माहीत होतं, आणि व्हिडिओवाल्याने बारीकच दोरी लावायला सांगितली होती हेही माहीत होतं. काका म्हणाले, जिताडा असेल. मग म्हणाले, कालवंपण असतील, खडकाला चिकटलेल्या कालवांची धार अशीच असते. मी दुसरं वाक्य ऐकलं नाही. ते टोक मी पाकिटात घालून सासुरवाडीला नेलं.

मेहुण्याने टोक उजेडात धरलं, नखाने तपासलं आणि म्हणाला, “दाजी, कालव.” सासऱ्यांनी चष्मा लावून दुजोरा दिला. मी रॉड, गाठ, शिसं, थरथर, जपान, सगळं पुन्हा समजावलं. मेहुणा रबरी किडा बोटात धरून पोट धरून हसला. “हे माझ्या तळ्यातलं बेडूकपण खाणार नाही.” मग त्याने मला जेवायला बसवलं. रॉड ओसरीवर टेकवला होता, तो निघताना घाईत तसाच राहिला, किड्यांच्या पाकिटांसकट.

आता विचार करता कळतं, की ते तंत्र कुठल्या पाण्याचं होतं. स्थिर, उथळ, दोन-तीन फूट तरी दिसेल असं पाणी; जाळी बघून शहाणे झालेले, पोट भरलेले, आळसावलेले मासे. बिवा सरोवर आणि मेहुण्याचं तळं यांत आकाराचा फरक सोडला तर दुसरा कुठला सापडत नाही.

पंधरा दिवसांनी मोबाइल वाजला. व्हिडिओ होता. मेहुणा बांधावर उकिडवा बसलाय, माझा रॉड हातात, टोक थरथरतंय, शिसं हलत नसावं. मग ढुब्. पुढची चार मिनिटं सासूबाईंच्या आरडाओरड्यात काही ऐकू येत नाही. शेवटी बांधावर जिताडा, रुपेरी, साडेतीन-चार किलो सहज, जबड्याच्या कोपऱ्यात हिरवी शेपटी लोंबतेय. दोरी त्याने माझी काढून टाकली होती आणि आपली जाडजूड तंगूस भरली होती.

लगेच फोन आला.

“दाजी, लसणीवाले संपले. दुकान कुठे म्हणालात? आणि जांभळे पाठवू नका, जांभळ्याला कोणी विचारत नाही.”

“रॉड कधी परत देतोस?”

“कसला रॉड?”